कॅन्टीनच्या कंत्राटात तेलाचे कलम हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 च्या जुलै महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एका सूचनेवरून बरीच चर्चा झाली. कार्यालयांच्या कॅन्टीनमध्ये आणि सभागृहांत, कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर असते हे सांगणारे फलक लावावेत, अशी ती सूचना होती. समोसा-जिलेबीवर बंदी येणार की काय, या वादात मूळ मुद्दा बाजूला पडला. फलक लावायला आमची हरकत नाही. मात्र कारखान्याच्या पाळीत जेवणाऱ्या माणसापुढे निवड नसते. साडेबारा ते एक ही त्याची सुट्टी, कॅन्टीनमध्ये मेनू एकच, आणि भाजीत तेल किती पडले ते सकाळी दहालाच ठरून गेलेले. त्याला भिंतीवरून ‘तेल कमी खा’ असे सांगून काय साधणार? चाकण, रांजणगाव, अंबड, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराचे दिवसाचे निदान एक पूर्ण जेवण कंत्राटदाराच्या हातचे असते. म्हणून आहाराचा सल्ला सर्वात आधी कॅन्टीनच्या कंत्राटात उतरला पाहिजे, असे कॅन्टीनच्या आहाराचे नियोजन करणारे आहारतज्ज्ञ म्हणून आमचे ठाम मत आहे. तो कसा उतरवता येईल, हे आकड्यांसह मांडण्यासाठी हे पत्र.

आधी गरज किती, ते पाहू. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत वरून घातलेल्या तेला-तुपाचे रोजचे प्रमाण कामाच्या स्वरूपावर ठरवले आहे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला 25 ग्रॅम, मध्यम श्रमाला 30, जड श्रमाला 40. स्त्रियांसाठी हेच आकडे 20, 25 आणि 30. कार्यालयातील लेखापाल आणि फोर्जिंगच्या भट्टीपुढे उभा राहणारा कामगार यांना एकच मर्यादा लावणे चूक आहे, हे यावरून कळावे. भट्टीवरच्या माणसाचे तेल बैठ्या माणसाइतके उतरवले तर तो भूक भागवायला भात आणि पोळ्या वाढवील. आपल्याकडच्या तपासण्यांत रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, कमी अशी जोडी सर्रास दिसते. तेल काढून त्या जागी भात आला तर ती सुधारण्याऐवजी बिघडू शकते. वार्षिक आरोग्य तपासणीनंतर कामगाराच्या हातात अहवाल देऊन ‘तेलकट टाळा’ एवढेच सांगितले जाते. त्याऐवजी काय खायचे, हे कोणी सांगत नाही.

आता कॅन्टीनमध्ये नेमके किती तेल जाते ते काढू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, खरेदीची बिले पुरतात. महिन्यात संपलेले डबे गुणिले डब्याचे वजन, भागिले महिन्याची ताटे. समजा 400 ताटे रोज, 26 दिवस, म्हणजे 10,400 ताटे. 15 किलोचे 28 डबे संपले असतील तर 420 किलो तेल झाले आणि ताटामागे 40 ग्रॅम पडले. मध्यम श्रमाच्या माणसाचा दिवसाचा कोटा 30 ग्रॅमचा, आणि इथे एका जेवणातच 40! हिशेब करताना डब्यावर 15 किलो लिहिले आहे की 15 लिटर, हे मात्र नीट पाहावे. लिटरचा डबा सुमारे 13.7 किलोच भरतो; हा फरक न पाहिल्यास आकडा दहा टक्क्यांनी चुकतो. महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा शिल्लक साठाही धरावा, नाहीतर एका महिन्याचे तेल दुसऱ्याच्या नावावर चढते.

दिवसाच्या 30 पैकी निम्मे, म्हणजे 15 ग्रॅम, दुपारच्या जेवणाला द्यावेत. त्याची वाटणी अशी करता येते: सुकी भाजी 5 ग्रॅम, उसळ किंवा रस्सा 5, आमटी 3 आणि चार पोळ्यांना मिळून 2. शंभर ताटांना दीड किलो, चारशेला सहा किलो. आचाऱ्याला ‘ताटाला पाच ग्रॅम’ सांगून उपयोग नाही. त्याला ‘शंभर माणसांच्या भाजीला अर्धा किलो’ असे सांगावे आणि तेवढे तेल सकाळीच वजन करून, पदार्थाचे नाव लिहिलेल्या बरणीत काढून द्यावे. डबा शेगडीजवळ उघडा ठेवला की पळीचा हिशेब राहत नाही. मोठी पळी एकदा वाकडी झाली की पन्नास ग्रॅम गेलेच.

आचारी जास्त तेल घालतो ते बेफिकिरीमुळे, असे समजू नये. त्याला कारणे आहेत, आणि ती दूर केल्याशिवाय आदेश टिकत नाही. पहिले कारण भांडे. चाळीस किलो भाजी पातळ बुडाच्या टोपात मोठ्या आचेवर टाकली की ती खाली लागते. ती लागू नये म्हणून तेल वाढते. जाड बुडाचे भांडे आणि सुरुवातीच्या वाफेला झाकण, एवढ्याने बरेच तेल वाचते. दुसरे कारण कांदा. कच्चा कांदा मोठ्या प्रमाणात लाल करायला भरपूर तेल लागते. कांद्यात सुरुवातीलाच भाजीच्या मापातले थोडे मीठ टाकून झाकण ठेवले तर त्याला पाणी सुटते, तो आपल्याच पाण्यात मऊ होतो आणि मग थोड्या तेलावर रंग धरतो. तिसरे कारण वेळ. अकराला झालेली भाजी दीडपर्यंत गरम पाण्याच्या ट्रेमध्ये उभी राहिली की कोरडी पडते, आणि ती ओलसर दिसावी म्हणून वरून तेल सोडले जाते. त्यावर उपाय म्हणजे भाजी दोन घाण्यांत करणे, पहिल्या पंगतीसाठी एक आणि दुसऱ्या पंगतीसाठी दुसरा. चौथे कारण तर्री. रश्शावर लाल तवंग दिसला नाही की कामगारच कुरकुरतात. मिरचीचा रंग तेलात उतरतो हे खरे, पण त्यासाठी मापातले पाच ग्रॅम पुरेत. तिखट मंद आचेवर त्या तेलात टाकून लगेच चमचाभर पाणी घातले की ते जळत नाही आणि रंगही सुटतो.

पोळीचे थोडे वेगळे आहे. तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या फुलक्याला तेल नसले तरी चालते. कॅन्टीनची पोळी मात्र तास-दोन तास हॉटकेसमध्ये राहते आणि कडक होते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी तेलात माखली जाते. कणीक कोमट पाण्यात सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवली आणि पोळ्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर पोळीमागे अर्ध्या ग्रॅमवर भागते.

बरणीत न मोजलेला स्निग्धांशही ताटात असतोच, आणि महाराष्ट्राच्या स्वयंपाकात तो मोठा आहे. शेंगदाण्याच्या कुटात जवळपास निम्मी चरबी असते, म्हणजे 10 ग्रॅम कुटातून 5 ग्रॅम. ती बहुतांशी चांगल्या प्रकारची, त्यामुळे कूट काढू नये. कूट घातलेल्या भाजीचे तेल कमी करावे. सुक्या खोबऱ्याचे उलट आहे. त्यात साठ टक्क्यांहून अधिक चरबी, आणि तिचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग संतृप्त, म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रकारचा. काळ्या वाटणाच्या रश्शात ताटामागे 10 ग्रॅम खोबरे पडले तर 6 ग्रॅम चरबी आली, आणि ती तेलाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. आठवड्यातून एकदा ठीक. रोजच्या वाटणात अर्धे खोबरे काढून भाजलेला कांदा, तीळ किंवा डाळे घालावे. साजूक तुपाबद्दल उगाच भांडण नको. एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, वरणभातावर घ्यायला हरकत नाही. त्यात तीन ग्रॅम संतृप्त चरबी असते, एवढे लक्षात ठेवून बाकीचे ताट बसवावे.

तेल कोणते, हा प्रश्न किती याइतकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक कॅन्टीनमध्ये पामोलिन, म्हणजे पामतेलाचा पातळ भाग, येते, कारण ते स्वस्त असते आणि तळणीत लवकर बिघडत नाही. पामोलिनमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर संतृप्त चरबी, सोयाबीन तेलात सुमारे पंधरा, सूर्यफुलात दहा-अकरा, शेंगदाणा तेलात अठरा-वीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संतृप्त चरबीतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. 2000 कॅलरीच्या आहारात ती सुमारे 22 ग्रॅम होते. ताटात 40 ग्रॅम पामोलिन असेल तर त्यातले 16-17 ग्रॅम दुपारीच संपतात. तेल 15 ग्रॅमवर आणून ते सोयाबीनचे केले तर हाच आकडा सव्वादोनच्या आसपास येतो. लोकांना न सांगता नुसते तेल बदलल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण मॉरिशसमध्ये आहे, जिथे मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. तेथील सरकारने 1987 मध्ये रेशनच्या खाद्यतेलात पामऐवजी सोयाबीन तेल आणले. 1992 पर्यंत तिथल्या प्रौढांचे सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे 5.5 वरून 4.7 मिलिमोलवर आले. सगळी घट तेलामुळे झाली असे कोणी म्हणत नाही, त्या काळात इतर मोहिमाही चालू होत्या. पण तेलबदलाचा त्यात वाटा होता.

आमची शिफारस दोन तेलांची आहे. फोडणीला सोयाबीन, कारण त्यात हृदयाला उपयुक्त अशा ओमेगा-3 गटातले अल्फा लिनोलेनिक आम्ल सुमारे सात टक्के असते आणि लातूर-अकोल्याच्या बाजारात ते सहज मिळते. तळायचेच असेल तेव्हा शेंगदाणा किंवा राईस ब्रॅन (तांदळाच्या कोंड्याचे) तेल. करडई आणि साधे सूर्यफूल तेल फोडणीला उत्तम, पण तळणीला नको. त्यांतली बहुअसंतृप्त चरबी सतत तापवल्यावर लवकर बिघडते. डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला भुलू नये. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, पामोलिनमध्येही नाही.

तळणीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण खरा घोटाळा तिथे आहे. सकाळच्या वड्यांचे उरलेले तेल दुपारच्या भाजीच्या फोडणीला जाते, आणि संध्याकाळी त्याच कढईत नव्या तेलाची भर पडते. जुन्यात नवे ओतल्याने जुने सुधारत नाही, नवे मात्र लवकर खराब होते. तेल बिघडल्याच्या खुणा अशा: फेस येतो आणि बसत नाही, तेल दाट आणि काळपट होते, आधीपेक्षा कमी तापमानाला धूर धरते, थंड झाल्यावर बोटाला चिकट लागते. कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. 1 जुलै 2018 पासून टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तयार होणारी बिघाडाची द्रव्ये, 25 टक्क्यांपेक्षा जास्त असलेले तेल वापरता येत नाही. ती मोजायला हातात धरायचे मीटर आणि कागदी पट्ट्या मिळतात. मोठ्या कॅन्टीनने मीटर घ्यावाच. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना 1 मार्च 2019 पासून त्याची नोंद ठेवून वापरलेले तेल अधिकृत संकलकाकडेच द्यावे लागते. आपल्या बहुतेक कॅन्टीनचे प्रमाण त्याखाली असल्याने ती सुटतात, म्हणूनच हे कंत्राटात लिहून घ्यावे लागते.

तळताना तेल 170 ते 180 अंशांवर असावे. थंड तेलात वडा सोडला, किंवा एकदम पन्नास वडे टाकून तेल थंड पाडले, की कवच उशिरा बनते आणि वडा तेल पितो. मीठ तळणीत पडू देऊ नये, तळाशी बसलेला चुरा प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढावा. तो जळत राहिला की तेल काळे होते. वडे कढईवर अर्धा मिनिट निथळून जाळीवर ठेवावेत. वर्तमानपत्राच्या कागदावर मुळीच नाही, छपाईची शाई अन्नात उतरते. आपल्याच अंकाच्या बाबतीत हे लिहावे लागते, पण संपादक महोदय, ते आपण ठळक छापावे अशी विनंती आहे.

खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटे हे चहाबरोबरचे पदार्थ कॅन्टीनमध्ये बनत नाहीत, बाहेरून येतात. उद्योगात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना बनणाऱ्या हृदयाला घातक चरबीवर, 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, ही मोठी गोष्ट झाली. पण सुट्या खारीवर लेबल नसते आणि बेकरी कोणते शॉर्टनिंग (खुसखुशीतपणासाठी घालायची घट्ट चरबी) वापरते ते कळत नाही. शिवाय ट्रान्स फॅट गेले तिथे बऱ्याचदा पामची संतृप्त चरबी आली. कंत्राटात ‘वनस्पती तूप आणि बेकरी शॉर्टनिंग कॅन्टीनमध्ये येणार नाही, बाहेरचे पदार्थ लेबलसह पाकिटातच’ असे एक वाक्य घातले की पुरे.

काढून टाकण्याबरोबर भर घालायची ती जवसाची. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी ताटात असतेच. इतरत्र ती विसरली गेली आहे. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमहून अधिक अल्फा लिनोलेनिक आम्ल मिळते. कारळ्याची चटणी चवीला तिच्या जवळची, पण तिच्यात हे आम्ल नगण्य. दोन्ही एकच समजू नयेत. चारशे ताटांना रोज चार किलो चटणी लागेल. एक किलो जवसाला 50 ग्रॅम जिरे, 60 ग्रॅम तिखट, 40 ग्रॅम मीठ आणि कोरडी परतलेली लसूण. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजावा. जास्त भाजला की कडवट होतो. पूर्ण गार करून, मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. एकसारखा फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. जवस अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून दळायलाच हवा. आणि दळला की खवट व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे आठवड्याचीच चटणी करावी, घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवावी. चमचा ओला नसावा.

रात्रपाळीला दोन वाजताच्या चहाबरोबर शेव-फरसाण देण्याची पद्धत सर्वत्र आहे. शेवेत एक तृतीयांशाहून जास्त तेल असते, आणि ते तळणीचे. त्याऐवजी 30 ग्रॅम फुटाणे आणि 20 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे द्यावेत. शेंगदाण्यांतून दहा ग्रॅम चरबी मिळते, पोटाला आधार होतो आणि झोपही येत नाही. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांची नोंद मात्र आधी घ्यावी. लोटे, महाड, रोहा किंवा गोव्यातील वेर्णा यांसारख्या किनाऱ्याजवळच्या वसाहतींत आठवड्यातून एकदा बांगडा किंवा तारली देता येते. मासे खाणाऱ्यांना ओमेगा-3 मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. पण तो रस्स्यात शिजवलेला असावा. रवा लावून पामोलिनमध्ये तळला तर ज्यासाठी दिला तेच कमी होते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ती जागा जवस आणि अक्रोडाने भरावी. अक्रोड परवडत नसेल तर जवसच पुरेसा.

या सगळ्यात सर्वाधिक अपयश येते ते घाईमुळे. सोमवारपासून तेल निम्मे, अशी घोषणा झाली की बुधवारी कॅन्टीनसमोर तक्रार उभी राहते आणि पुढच्या सोमवारी सगळे पूर्ववत होते. दर पंधरवड्याला दहा टक्के घट करावी. चाळीस ग्रॅमवरून निघाले तर नऊ पंधरवड्यांत, म्हणजे साडेचार महिन्यांत, आकडा साडेपंधरावर येतो, आणि जिभेला ते फारसे कळत नाही. ताटात टाकलेल्या अन्नाचे वजन दररोज घ्यावे. एखाद्या दिवशी ते वाढले तर त्या दिवसाचा पदार्थ सुधारावा, घट मागे घेऊ नये.

आणि पैशाचे काय? वर दिलेल्या उदाहरणात महिन्याला 28 ऐवजी 11 डबे लागतील. 17 डब्यांचे पैसे उरतील. ते कोणाचे, हे कंत्राटात लिहिले नसेल तर ते कंत्राटदाराचे. म्हणून ‘तेलातील बचत जवस, शेंगदाणे, दही व फळ यांवरच खर्च होईल’ हे कलम तेल कमी करण्याच्या कलमालगतच असले पाहिजे. त्याशिवाय कामगाराच्या ताटातून वस्तू काढून घेतल्यासारखे होईल, आणि त्याचा राग रास्त असेल.

हे मागण्याचा अधिकार कामगारांकडे आधीपासून आहे. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 46 ने 250 पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद केली, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही संख्या 100 वर आणली. कॅन्टीन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असतात आणि पदार्थांचा दर्जा, प्रमाण व मेनू यांवर समितीचा सल्ला घ्यायचा असतो. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीत ताटाचा दर आणि गोड पदार्थाचा वार यापलीकडे चर्चा जात नाही. पुढच्या बैठकीत प्रतिनिधींनी तीन कागद मागावेत: गेल्या तीन महिन्यांची तेलाची बिले, त्याच तीन महिन्यांच्या ताटांची संख्या, आणि तळणीचे तेल शेवटचे केव्हा व कोणाला दिले त्याची पावती. भागाकार तिथेच, सर्वांसमोर करावा. कंत्राटाच्या नूतनीकरणाआधी दोन महिने हा आकडा हातात असेल तर कलम घालून घेता येते. सही झाल्यावर वर्षभर थांबावे लागते.

आपले,
कारखाना कॅन्टीनच्या आहाराचे नियोजन करणारे काही आहारतज्ज्ञ,
पुणे